नळी पोचली तिथपर्यंत

थोरलीचं नाक गेलं ते एका मंगळवारी, सकाळी साडेनऊच्या सुमाराला. तारीख तिला आठवत नाही, पण वार आणि वेळ पक्की आठवते. तव्यावरच्या कांद्याचा कोळसा झाला होता आणि ती दोन हात अंतरावर बसून शांतपणे छाटणीच्या कात्रीला धार लावत होती. धुराने डोळे चुरचुरले तेव्हा कुठे तिने मान वर केली. भावजय धावत आली, तवा उचलून अंगणात ठेवला आणि म्हणाली, "ताई, तुम्हाला वास नाही आला?" थोरलीने कांद्याची साल नाकाशी धरली. मग साबण धरला, मग रॉकेलची बाटली. कशाचाच काही पत्ता नव्हता.

डॉक्टरांनी नाकात बॅटरी मारून बघितलं आणि काम काय करता असं विचारलं. द्राक्षबागेत वीस वर्षं फवारणी करते म्हटल्यावर, तोंडाला काय बांधता, असं विचारलं. "रुमाल," ती म्हणाली. डॉक्टर म्हणाले, वास परत येईलही, येणारही नाही, आणि फवारणीमुळेच गेला असं छातीठोक सांगता येणार नाही. डॉक्टर लोक अशी पळवाट नेहमी ठेवतात. थोरलीने मात्र घरी येईपर्यंत निकाल लावून टाकला होता. पंप तिने खाली ठेवला तो कायमचा.

थोरली म्हणजे दोन भावंडांतली मोठी. तिला सगळे थोरली म्हणत आणि भावाला धाकटा. दोघांचे केस पांढरे झाले तरी त्यात बदल झाला नाही, टपालवालासुद्धा "धाकट्यांचं पत्र आहे" असंच ओरडायचा. लग्न तिने केलं नाही. कोणी कारण विचारलं तर म्हणायची, "पाचशे वेली सांभाळते, त्यात आणखी एक गळ्यात कशाला?" वडिलांनी बाग दोघांत बरोबर निम्मी वाटून दिली, पण पाण्याची टाकी आणि फवारणीचा पंप मात्र मधल्या बांधावर एकच ठेवला, सिमेंटच्या ओट्यात पक्का बसवून. म्हातारा बेरकी होता. म्हणायचा, उद्या भांडलात तरी पाणी घ्यायला एकाच ओट्यावर यावं लागेल.

दोन्ही बागांची फवारणी ती एकटीच करायची. पंपाला लांबच लांब नळी जोडायची, लांबच्या कोपऱ्यासाठी पुढे आणखी एक तुकडा, आणि ती ओढत ओळीओळीतून फिरायची. धाकट्याला हे काम तिनेच शिकवलं होतं. पानाची खालची बाजू ओली झाली नाही तर फवारणी झालीच नाही असं समज, हे तिचं वाक्य त्याला पाठ होतं. तो चांगला विद्यार्थी होता. किती चांगला, ते तिला फार उशिरा कळलं.

तर फवारणी सोडायची असं तिने ठरवलं, आणि ठरवलं म्हणजे ठरवलं. आपल्या निम्म्या बागेत औषधाचा थेंब येणार नाही. ओळींमध्ये गवत वाढू द्यायचं, नांगर घालायचा नाही, पालापाचोळा कुजवून मुळाशी टाकायचा. तिच्याकडे एक पातळ पुस्तिका होती, पानं सुटी झालेली. त्यात लिहिलं होतं की वेलीच्या पानावर, मण्याच्या सालीवर, खोडावर आणि मातीत शेकडो प्रकारच्या बुरश्या राहतात. त्यातल्या रोग आणणाऱ्या मोजक्याच, बाकीच्या बिचाऱ्या आपल्या आपण नांदत असतात. औषध मारलं की वाइटाबरोबर चांगल्याही जातात. थोरलीला हे फार पटलं. "घरात माणसं असली की चोर शिरत नाही. आपण औषध मारतो म्हणजे घरच्यांनाच हाकलतो आणि चोराला दार उघडं ठेवतो," ती भेटेल त्याला सांगायची. धाकटा ऐकायचा आणि काही न बोलता आपल्या ओळीत औषध मारायला जायचा.

पहिल्याच वर्षी चोर आला. आठवडाभर पाऊस आणि ढग, आणि पानांवर तेलाचे डाग पडावेत तसे पिवळे ठिपके उठले. पान उलटं केलं की खाली पांढरी लव. पंधरा दिवसांत निम्मी पानं गळली आणि मणी सुकून तांबूस झाले. बांधापलीकडे धाकट्याची बाग हिरवीगार उभी. लोक जाता-येता मान हलवायचे. थोरली एका दुपारी तेराव्या ओळीत जमिनीवर बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली. कोणी बघितलं नाही, असं तिला वाटलं.

दुसऱ्या वर्षी बाग सावरली. पाऊस तेवढाच, ढग तेवढेच, पण पान स्वच्छ राहिलं. थोरली रोज सकाळी पानं उलटी करून बघायची, बोट फिरवायची. पांढरं काहीच लागायचं नाही. आपल्या घरच्या माणसांनी चोराला हाकललं, असं तिने जाहीर केलं. यश आलं की माणसाला कारणं आपोआप सुचतात. तिलाही सुचली, गवताची, खताची, आणि हो, आपल्या सबुरीची. फक्त कुंपणाच्या भिंतीकडचा एक कोपरा, साठेक वेलींचा, तसाच आजारी राहिला. तिथे पानं गळायची, घड सुकून जायचे. तिने त्याचंही कारण शोधलं. भिंतीची सावली पडते ना, म्हणून.

तिचं नाव झालं. लोक बाग बघायला यायला लागले, वह्या घेऊन, प्रश्न घेऊन. थोरली पुढे आणि मागे दहा-बारा माणसं, अशी वरात ओळीओळीतून फिरायची. भिंतीजवळ आलं की ती सगळ्यांना वळवून परत आणायची. "तो कोपरा बघू नका, सावलीत आहे." एरवी नाकावर माशी न बसू देणारी बाई, पण त्या दिवसांत तिच्या चेहऱ्यावर जे समाधान असायचं ते बघण्यासारखं होतं. नाक गेल्याचं दुःखसुद्धा तिने जवळजवळ माफ केलं होतं.

बाग बघायला आलेल्यांत एक मास्तर होते. भूमिती शिकवून निवृत्त झालेले. आयुष्य खडूत काढल्यावर हाताला हिरवं काहीतरी लागावं म्हणून त्यांनी थोडी जमीन घेऊन दीडशे वेली लावल्या होत्या. प्रत्येक वेलीला पत्र्याचा बिल्ला आणि त्यावर सुबक अक्षरात क्रमांक. हजेरी घेत असावेत बहुतेक. थोरली सांगेल ते मास्तर वहीत उतरवून घ्यायचे आणि तसंच्या तसं करायचे. पंप तर त्यांनी भंगारातच देऊन टाकला.

पहिल्या वर्षी त्यांचं पीक गेलं. "माझंही गेलं होतं," थोरलीने धीर दिला. "दुसऱ्या वर्षी सावरतं." दुसऱ्या वर्षीही गेलं. मास्तर वही घेऊन आले, ओळ न् ओळ ताडून बघितली. सगळं बरोबर होतं. नेमके त्या दिवशी पाहुणेही आलेले. मास्तर ओळीत उभे राहिले, दोनदा नाक वर करून श्वास घेतला आणि हळूच म्हणाले, "ताई, तुमच्या ओळीत औषधाचा वास येतोय."

थोरलीला राग आला. स्वतःला वास येत नाही ही तिची दुखरी जागा, आणि त्यावरच बोट. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "मास्तर, पोरांचे पेपर तपासून तपासून तुम्हाला जिकडेतिकडे कॉपी दिसायला लागली आहे. भावाच्या बागेतून वाऱ्याने येत असेल. मुळात तुमच्या हातालाच सबुरी नाही, त्यात माझ्या बागेला कशाला ओढता?" पाहुणे हसले. मास्तर "असेल" म्हणाले आणि टोपी घालून निघून गेले. तिसऱ्या वर्षीही पीक गेलं तेव्हा त्यांनी मजूर लावून दीडशेच्या दीडशे वेली मुळासकट काढल्या. थोरली समाचाराला गेली नाही. आरंभशूर माणूस, असं म्हणून तिने विषय संपवला. या गोष्टीला दोन वर्षं झाली.

मग बोळेवाली आली. खरं तर ती बुरश्यांचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळेतली मुलगी, पण कापसाचे बोळे लावलेल्या काड्या घेऊन फिरायची म्हणून छाटणीच्या बायकांनी तिला हे नाव दिलं. फवारणीची बाग आणि बिनफवारणीची बाग एकाच बांधाला लागून, एकच माती, एकच वारा, अशी जोडी तिला कुठे मिळाली नव्हती. वर्षभर ती येत राहिली. पानावर, मण्यावर, खोडावर काडी फिरवायची, काडी कुपीत घालायची, कुपीवर वेलीचा क्रमांक लिहायची. थोरली तिला स्वतः चहा करून द्यायची. त्याच सुमाराला द्राक्ष बागायतदारांच्या संघाने ठरवलं की पुढच्या हंगामापासून चौदा बागा थोरलीच्या पद्धतीने करायच्या, आणि तशी खूण पेट्यांवर छापायची. रविवारी सभा होती. थोरलीने हो म्हणायचं, एवढंच बाकी होतं.

सभेच्या आधीच्या बुधवारी बोळेवाली कागदांची गुंडाळी घेऊन आली. चहाला नको म्हणाली. तिथेच थोरलीला जरा खटकलं.

"ताई, रागावू नका," मुलगी म्हणाली. तिने टेबलावर बागेचा नकाशा पसरला. प्रत्येक वेलीचा एक ठिपका. बुरश्यांचे प्रकार भरपूर सापडले तिथे हिरवा, मोजके सापडले तिथे काळा. धाकट्याची बाग सगळी काळी होती. ते अपेक्षितच होतं. थोरलीची बागही काळी होती.

"चूक झाली असेल," थोरली म्हणाली.

"मला पण तसंच वाटलं. म्हणून दुसऱ्यांदा तपासलं. आणि ताई, तुमच्या वेलींवर जी थोडी रोगाची बुरशी सापडली ना, ती औषधाला सरावलेली आहे. जिथे ते औषध पडतच नाही, तिथे तिचं इतकं फावायला नको."

"मग हे हिरवं काय आहे?" थोरलीने नकाशाच्या टोकावर बोट ठेवलं.

"तो भिंतीकडचा कोपरा. तिथे पानावर इतके प्रकार आहेत की माझे सर बघतच राहिले. रोगाची बुरशी आहे, पण तिला पाय ठेवायला जागा कमी. तिथलं पीक गेल्या काही वर्षांत वाढतंय का?"

त्या कोपऱ्याकडे थोरलीने कधी धड बघितलंच नव्हतं. आता मनाशी आठवायला लागली. पहिली तीन वर्षं काही नाही. चौथ्या वर्षी थोडे घड. मग जरा जास्त. गेल्या वर्षी निम्म्याच्या आसपास, आणि यंदा तिथे पेट्या कमी पडल्या म्हणून बायका कुरकुरल्या होत्या. ती म्हणाली, "वाढतंय."

मग तिला नकाशातली रेघ दिसली. काळं संपून हिरवं सुरू होत होतं ती हद्द ओळींच्या सरळ रेषेत नव्हती. सावलीसारखीही नव्हती. ती कमान होती, कंपासने काढल्यासारखी गोल, आणि कंपासचं टोक कुठे टेकलं असेल ते सांगायला भूमितीच्या मास्तरांची गरज नव्हती. बांधावरचा सिमेंटचा ओटा.

मुलगी गेल्यावर थोरली नकाशा घेऊन ओट्यावर गेली. खुंटीवरची नळी काढली, खांद्यावर टोक घेतलं आणि आपल्या बागेत चालायला लागली. सात वर्षांत तिने त्या नळीला हात लावला नव्हता, पण खांद्याला सवय होती. पहिली ओळ, दहावी ओळ, तेरावी ओळ. नळी मागून गवतातून सरपटत येत होती. भिंतीचा कोपरा समोर आला आणि खांद्याला हिसका बसला. नळी ताणली गेली, पुढे येईना. थोरलीने खाली बघितलं. डाव्या हाताची वेल नकाशात काळी होती. उजव्या हाताची हिरवी. ती वाकून वाकून कमानभर चालली, ताणलेली नळी हातात धरून, आणि प्रत्येक ठिकाणी तेच निघालं.

परत येऊन तिने नळी नीट गुंडाळली आणि खुंटीला लावली. राग वस्तूवर काढायचा नाही, ही वडिलांची शिकवण.

धाकटा दुपारचं जेवत होता. दोघांची घरं वेगळी असली तरी स्वयंपाक एकच होता. भावजय त्याला वाढत होती. थोरली दारातच उभी राहिली.

"मंगळवारी की शुक्रवारी?" तिने विचारलं. त्या दोन दिवशी ती सकाळी रोपवाटिकेत कलमं बांधायला जायची आणि दुपारी यायची.

धाकट्याचा घास हातात राहिला. त्याने काय म्हणून विचारलं नाही, आणि तिला जे काय कळायचं ते तिथेच कळलं.

"दोन्हींपैकी एका दिवशी," तो म्हणाला. "पावसाचं बघून."

"किती वर्षं?"

"दुसऱ्या वर्षापासून."

"का?"

त्याने हात धुतला. "तू तेराव्या ओळीत बसून रडत होतीस. मी बांधावरून बघितलं. ताई, मला नाही बघवलं. एकदाच मारायचं ठरवलं होतं. मग पान स्वच्छ राहिलं, तू खूश झालीस, माणसांना बोलवायला लागलीस. मग थांबू कसा? थांबलो असतो तर सगळ्यांसमोर तुझं नाक कापलं गेलं असतं."

"नाक," थोरली म्हणाली.

त्याने ताट बाजूला सारलं. मग खाली बघत म्हणाला, "आणि तुझ्या बाजूचा रोग माझ्या घडांवर येत होता. तेही होतं."

"हे आधी सांगितलं असतंस तर बरं वाटलं असतं. माझ्या रडण्याचं नाव कशाला काढलंस?"

ती भावजयीकडे वळली. "तुला माहीत होतं?"

भावजयीने पदराच्या टोकाला हात पुसले. "ताई, यांचे कपडे मीच धुते."

"कोपरा का सोडलास?" तिने धाकट्याला विचारलं. "तो पण मारायचा होतास. मग मला मरेपर्यंत कळलं नसतं."

"नळी पोचत नव्हती. तू पुढे जोडायचीस तो तुकडा कधीच फाटला होता. नवी आणली असती तर तू विचारलं असतंस, कशाला आणली म्हणून."

थोरलीला हसू आलं, आणि ते हसू तिला स्वतःलाच सहन झालं नाही. सात वर्षांपैकी सहा वर्षं. तिला वास येत नव्हता आणि हा तिचा सख्खा भाऊ तिच्या त्या आंधळ्या बाजूने येऊन, तिनेच शिकवलेल्या पद्धतीने, पानाची खालची बाजू नीट ओली करून जात होता. तिच्यावर कोणी वार केला नव्हता, तिला फक्त लहान मुलासारखं खेळवलं होतं. आणि तिला जे बघायचं होतं, औषधाशिवाय बाग खरोखर सावरते का, ते त्या भिंतीच्या कोपऱ्यात आपल्या गतीने होत होतं, आणि ती लोकांना सांगत होती, तिकडे बघू नका. फसवणुकीचा हा भाग तिला सगळ्यात जास्त लागला. भावाने तिचं अपयश चोरलं होतं, आणि त्याच्याबरोबर यशही गेलं होतं.

"सोमवारी आणि गुरुवारी टाकीचं पाणी तू घे," ती म्हणाली. "बाकीच्या दिवशी मी घेईन. एका वेळी दोघं ओट्यावर यायचं कारण नाही. आणि मी माझं जेवण माझं करीन."

"ताई, रविवारी सभेत काही बोलू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"तुझी असेल," ती म्हणाली आणि गेली.

रविवारी सभा संघाच्या कोठारात होती. एका बाजूला रिकाम्या पेट्यांच्या थप्प्या, समोर घडीच्या खुर्च्या. चौदाही बागायतदार आले होते. अध्यक्षांनी थोरलीच्या पद्धतीचं कौतुक करणारी दोन-चार वाक्यं म्हटली आणि तिला बोलायला सांगितलं. तिने तीन रात्री वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही तोंडात आलं नाही.

"माझ्या बागेत फवारणी होत होती," ती म्हणाली. "सहा वर्षं. मला ठाऊक नव्हतं, पण होत होती. मी तुम्हाला जे दाखवलं ते खरं नव्हतं. खरं काय आहे ते भिंतीच्या कोपऱ्यात आहे, आणि त्याला तीन वर्षं काहीच पीक येत नाही. चौथ्या वर्षी सुरुवात होते. ज्याला एवढं सोसायचं असेल त्यानेच पंप खाली ठेवावा."

आता आरडाओरडा होईल असं तिला वाटलं होतं. तिने त्याची तयारी केली होती. पण एकाने खुर्ची सरकवली. एक जण बुटाचा बंद बांधत बसला.

"बसा ताई," अध्यक्ष म्हणाले. "तुम्ही कुठे खोटं बोललात? तुम्हाला ठाऊक नव्हतं."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

अध्यक्षांनी हातातला कागद दोनदा घडी केला. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "ताई, आम्हाला नाकं आहेत."

थोरली उभीच राहिली. मग तिला एकेक उलगडत गेलं. पाहुणे एकमेकांकडे बघायचे ते. छाटणीच्या बायका शुक्रवारी तोंडाला फडकं बांधून यायच्या ते. "मग तुम्ही चौदा जण काय करणार होतात?" तिने विचारलं.

"तुमचीच पद्धत," अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले. "गवत, खत, सगळं. आणि पाऊस बघून थोडं, सकाळच्या पारी. तुमच्याकडे चालतं तसं. खूण तर चांगली आहे, ताई. लोकांना आवडते."

कोणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. थोरलीने सगळ्यांचे चेहरे एकदा बघून घेतले. ती एकटीच वेडी ठरली होती एवढंच नाही, तिने वेडं राहावं हेच त्यांना हवं होतं. अशी एक बाई पुढे असली की मागे काहीही करता येतं.

"आणि मास्तर?" तिने विचारलं. "त्यांना कोणी सांगितलं नाही?"

"सांगितलं की. एक-दोनदा मारा म्हटलं गुपचूप. ते म्हणाले, ताईंनी मारू नका सांगितलंय. भला माणूस, पण नाकासमोर चालणारा. काय करणार?"

थोरली कोठारातून निघाली ती घरी गेली नाही. मास्तरांच्या जमिनीत आता नुसतं गवत होतं आणि तारा काढलेल्या खांबांची भोकं. मास्तर खोलीत शेगडीशी बसले होते. भिंतीला लावून वेलींची खोडं रचलेली होती, छातीइतकी उंच, आणि प्रत्येकाला अजून तो पत्र्याचा बिल्ला. निम्म्याच्या वर जळून संपली असावीत. मास्तरांनी तिला बघून स्टूल पुढे केलं.

"मास्तर, वास येत होता," ती बसायच्या आधीच म्हणाली.

"कुठे?"

"माझ्या ओळीत. तुम्ही म्हणाला होतात तो. धाकटा फवारणी करत होता. सगळ्यांना ठाऊक होतं."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. "त्या दिवशी मी घरी आलो," ते म्हणाले, "आणि सगळ्या बाटल्या उघडून हुंगल्या. व्हिनेगर, शाई, बूटपॉलिश. सगळ्यांचा वास बरोबर येत होता. तरी म्हटलं, या वयात नाकाचं काय खरं. तुम्ही नाही म्हणालात ना. म्हणून मी माझं नाक खोटं धरलं."

थोरलीला यापेक्षा शिव्या चालल्या असत्या. चौदा माणसांनी तिच्या शब्दाचं फडकं करून तोंडाला बांधलं, सख्ख्या भावाने तिला खुळं ठरवलं, आणि ज्या एका माणसाने तिच्यावर विश्वास ठेवला त्याला तिने दहा लोकांत हसं करून घालवलं होतं. माफी हा शब्द तिला फार तोकडा वाटला. तरी तिने तो म्हटला. मास्तरांनी मान हलवली, पण ठीक आहे असं म्हणाले नाहीत.

"चौथ्या वर्षी सुरू होतं, मास्तर," ती म्हणाली. "कोपऱ्यात बघितलं मी. तीन वर्षं काही नाही. चौथ्या वर्षी थोडे घड येतात."

मास्तरांनी रचलेल्या खोडांकडे बघितलं. "मी तिसऱ्या वर्षी काढल्या."

"हो."

त्यांनी उठून चहाचं भांडं शेगडीवर ठेवलं. थप्पीतलं वरचं खोड घेतलं, बिल्ला सोडवून खिशात टाकला आणि खोड निखाऱ्यांत सारलं. ते जरा ओलसर असावं. धूर झाला, खोलीभर पसरला, थोरलीचे डोळे चुरचुरले.

"कसा येतो हो याचा वास?" तिने विचारलं.

मास्तर खोड जरा आत ढकलत राहिले. मग म्हणाले, "चांगला येतो."